हात कोणी लावला?

“हात कोणी लावला?”

बंद पडलेली डिस्क घेऊन कोणी दारात आलं की मॅडमचा हा पहिला प्रश्न. या नाही, बसा नाही, पाणी नाही. समोरचा अजून एका पायातली चप्पल काढत असायचा आणि ह्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, हात कोणी लावला? मी अकोल्यात खोली शोधत त्यांच्या दारात गेलो, तेव्हा माझ्याही वाट्याला हाच प्रश्न आला. माझ्याकडे लॅपटॉपची बॅग होती.

“मी खोली बघायला आलोय,” मी म्हटलं.

“मंग बॅग छातीशी काऊन धरून राहिला? असे तर बिघडलेलेवाले धरतात.”

मी बॅग खाली ठेवली. खोली मिळाली. पुढची काही वर्षं मी त्या घराच्या मागच्या खोलीत काढली आणि त्या काळात माझं विम्याच्या कचेरीतल्या नोकरीकडे जेवढं लक्ष होतं, त्यापेक्षा जास्त पुढच्या खोलीकडे होतं.

मॅडम म्हणजे माझी घरमालकीण. ‘काकू’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. “मी कोनाची काकू नाई. खात्यात सगळे मॅडम म्हणत, तूबी मॅडम म्हण.” खातं म्हणजे दूरसंचार खातं. तिथे त्या इंजिनिअर होत्या. तिवशाकडच्या एका खेड्यातून निघालेली, घरातली पहिली शिकलेली मुलगी. टेलिफोनच्या खांबांवर चढण्यापासून अख्ख्या एक्स्चेंजची जबाबदारी घेण्यापर्यंत सगळं करून त्या निवृत्त झाल्या आणि मग लोकांच्या मेलेल्या डिस्का जिवंत करत बसल्या. उंच, किडकिडीत, सुती साडीचा पदर कमरेला आणि अंबाड्यात टेस्टर. हो, टेस्टर. सकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे वंदना करतानासुद्धा तो अंबाड्यातच असायचा. मी एकदा त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “बाकीच्या बाया फूल खोचतात, त्यांले इचारतं का?”

नम्रपणा त्यांना ठाऊक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. “अकोल्यात माझ्यासारखी दुसरी नाई. तुमच्या अमरावतीत असंन तर तिचा पत्ता दे, हात जोडून येऊ.” मी अमरावतीचा, म्हणून हा टोमणा मला रोज. खरं तर तिवसा अमरावती जिल्ह्यातलंच, म्हणजे त्याही आमच्याच. पण अकोल्याच्या उन्हात जो टिकला तोच खरा वऱ्हाडी, असं त्यांचं ठाम मत होतं आणि मे महिन्यात ते खोडून काढायची ताकद कोणात नसे.

त्यांच्या पुढच्या खोलीत स्टीलचे डबे होते, किराण्याच्या दुकानासारखे एका ओळीत. त्यात तुरीची डाळ नव्हती, डिस्का होत्या. डब्यांवर मालकाचं नाव कधीच नसायचं. आत काय आहे म्हणून मालकाने सांगितलं, ते असायचं. ‘बारसं’. ‘शेताची मोजणी’. ‘मेलेल्या कुत्र्याचे फोटो’. मला वाटे, गंमत म्हणून लिहितात. एकदा ‘बारसं’चा मालक आला आणि आपलं नाव सांगू लागला, तर ह्यांना तो आठवेचना. “बारसं” म्हटल्याबरोबर उठल्या आणि डबा काढून त्याच्या हातात दिला.

सॉफ्टवेअरच्या अपडेटवर त्यांचा राग फार जुना. “अपडेट म्हंजे बदलून आलेला नवा साहेब. कामाचं काई समजत नाई, पण आल्या आल्या खुर्च्या हलवते. मंग जुना कारकून आपली जागा पाहाले जाते तं तिथं कपाट.” अपडेटनंतर डिस्क न उघडणाऱ्यांची त्यांच्याकडे रांग असायची. लोक म्हणत, मॅडम, सगळं गेलं. त्या म्हणत, “गेलं कुठं? आतच हाये. फक्त त्या नव्या साहेबाले दिसून नाई राहिलं.”

काम करायची त्यांची रीत ठरलेली. आजारी डिस्कवर कधीही काम करायचं नाही. आधी ती जशीच्या तशी, तिच्या जखमांसकट, दुसऱ्या धडधाकट डिस्कवर उतरवून घ्यायची आणि मग जे काय करायचं ते त्या नकलेवर. ह्या उतरवण्याला तासन्‌तास लागत. घराची वायरिंग जुनी होती, म्हणून तेवढा वेळ घरात मिक्सर बंद, इस्त्री बंद, भर उन्हाळ्यात कूलरसुद्धा बंद. टेबलफॅन मात्र चालू, तोंड डिस्ककडे. मी दारात घामाने निथळत उभा राहून त्या डिस्कचा हेवा करायचो.

“मॅडम, माणसं वितळतील.”

“मानसाले घाम येते, त्याचं काई जात नाई. हिचं जाईन.”

पण ह्या सगळ्याच्या आधी तो प्रश्न. हात कोणी लावला? आणि ह्या प्रश्नाला सगळे खोटं बोलतात, हा त्यांचा अनुभव. एकदा हिवरखेडचा एक फोटोग्राफर आला. एका लग्नाचे सगळे फोटो अडकलेले. शपथेवर सांगत होता, मॅडम, काहीच नाही केलं, आपोआप झालं. मॅडमनी वाद घातला नाही. “बरं,” म्हणाल्या आणि सूप घेऊन गहू निवडायला बसल्या. तो बसला. गहू निवडून झाले. त्यांनी त्याला जेवायला वाढलं, तो जेवला. मग त्यांनी लसूण सोलायला घेतला. डिस्क टेबलावर तशीच. शेवटी तो आपणहून म्हणाला, “एक दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवून पाह्यलं होतं. जरासंच.”

“जरासंच,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी त्याला असं झापलं की रस्त्यावरचा भाजीवाला थांबून ऐकू लागला. झापून झाल्यावर काम सुरू. मला नंतर समजावून म्हणाल्या, “मले त्याचा कबुलीजबाब नाई पायजे. पण आपोआप बिघडलं तं इलाज एक आणि कोनी बिघडवलं तं इलाज दुसरा. डॉक्टरलेच खोटं सांगतलं तं कसं जमनार?”

लग्न परत मिळालं. पण फोटो पडद्यावर उमटू लागल्याबरोबर मॅडम उठून व्हरांड्यात गेल्या. हाही नियमच. सापडलेलं त्या कधी बघत नसत, ऐकत नसत. फोटोग्राफर आतून ओरडतोय, मॅडम, या ना, पाहा ना, नवरदेव सापडला! ह्या बाहेर कुंड्यांना पाणी घालताहेत. “लोकायच्या घरात कायले डोकाऊ? माझं काम दार उघडून द्याचं.” मला त्यांच्या हुशारीपेक्षा ह्या एका गोष्टीचं जास्त नवल वाटायचं. दिवसभर खपून हिरा बाहेर काढायचा आणि तो चमकतो का हे बघायचंही नाही. मला नसतं जमलं. मी तर दाराच्या फटीतून नवरदेव पाहिला होता.

आता माझ्या मामांचं सांगतो. मॅडमचं जे रूप मला त्या दिवशी दिसलं, ते नसतं दिसलं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

माझे मामा अमरावतीच्या भाजीबाजारात हर्रास बोलायचे. शेतकऱ्यांचा माल पहाटे येतो, ढीग लागतात आणि त्या ढिगांवर उभं राहून जो माणूस लिलाव पुकारतो, तो मामा. आवाज असा की बाजाराच्या ह्या टोकाला वांगी पुकारली तर त्या टोकाचा गिऱ्हाईक पिशवी उघडायचा. घरातसुद्धा ते हळू बोलू शकत नसत. मामी म्हणायची, ह्यांच्याशी गुपित बोलायचं तर शेताच्या मधोमध जावं लागते. आणि तोंडात सदानकदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्या खर्ऱ्यानेच घात केला. घशात गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, पण आवाजाची पेटी काढावी लागेल.

ऑपरेशनच्या आधी माझ्या मामेबहिणीने, म्हणजे मामांच्या एकुलत्या एका मुलीने, त्यांना गच्चीवर बसवून मोबाइलवर त्यांचा आवाज भरून घेतला. काय बोलू, बाई, काय बोलू, करत ते तासन्‌तास बोलले. पुढे मोबाइलमध्ये दवाखान्याचे रिपोर्ट आणि फोटो एवढे झाले की जागा उरली नाही, म्हणून तिने ते सगळं आपल्या जुन्या लॅपटॉपवर हलवलं आणि मोबाइल मोकळा केला. ऑपरेशन झालं. मामा वाचले. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल आणि हातात लहान मुलांची पाटी. आवाज आता फक्त त्या लॅपटॉपमध्ये होता. ती रोज ऐकायचं ठरवायची, पण धीर होत नव्हता. तो धीर व्हायच्या आत अपडेट आलं.

अपडेटनंतर ज्या भागात ते सगळं ठेवलं होतं तो उघडेना. दोन दिवसांनी उघडला, पण आत काहीच नाही. अमरावतीतल्या दोन दुकानांनी हात टेकले, त्यात दोन महिने गेले. तिने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, आणि तेच मला जास्त लागलं. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. “पोरी, लॅपटॉप बंद कर. आता उघडून पाहाचा नाई. उघडून पाहणं म्हंजेबी हात लावणंच हाये. अन् जुना हाये नं? आत फिरती डिस्क हाये का चिप?” फिरती होती. मॅडमनी मोठा श्वास सोडला. मला नंतर म्हणाल्या, चिपवरचं पुसलं की कायमचं जातं, चिप असती तर मीच हात जोडले असते.

दोघं बसने अकोल्याला आली. मामेबहीण लॅपटॉप छातीशी धरून. मागे मामा, पाटी काखेत.

“हात कोनी लावला?”

“कोणीच नाही, मॅडम,” ती म्हणाली. “मी लावला नाही, घरात दुसरं कोणी कॉम्प्युटर वापरत नाही. अपडेटनंच पुसलं.”

मॅडमनी डिस्क काढून आपल्या यंत्राला लावली, नुसती एक नजर टाकली आणि परत काढून ठेवली. मग अंबाडीची जुडी घेऊन पानं खुडत बसल्या. मला पुढचं ठाऊक होतं. मामेबहीण खरंच बोलत होती, हे मला दिसत होतं. पण मॅडम कधी चुकत नाहीत, हेही मला माहीत होतं.

अंबाडी खुडून झाली.

“हे पाह्य पोरी,” मॅडम म्हणाल्या, “ही डिस्क बिघडलेली नाई. कोरी झालेली हाये. अपडेट पुसत नाई. अपडेटनं घोळ केला, त्याले आतलं दिसेना, मंग त्यानं सवाल इचारला, फॉरमॅट करू का? अन् कोनीतरी होय म्हनलं.”

“कोण म्हणणार, मॅडम? आई तर त्याच्या जवळही जात नाही. मी आणि बाबाच...”

ती थांबली. टेबलावर दोनदा टकटक झाली. मामांनी बोटाने वाजवलं होतं. मग त्यांनी तो हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

मामांनी पाटी घेतली आणि लिहिलं, ‘विचारलं म्हणून हो म्हटलं.’ ते पुसून पुन्हा लिहिलं, ‘सवाल लटकत ठेवता येत नाही.’

मला एकदम सगळं दिसलं. ज्या माणसाने अख्खी हयात ढिगावर उभं राहून काढली, ज्याच्याकडे बोली आली की त्याच क्षणी उत्तर, मागेपुढे बघायचं नाही, नाहीतर माल पडून राहतो आणि शेतकरी बुडतो. त्या माणसासमोर पडद्यावर प्रश्न आला. घरात मुलगी नव्हती. त्याने उत्तर दिलं. आणि मग मुलीला रिकाम्या लॅपटॉपमध्ये आवाज शोधताना बघून, आपण काय केलं हे कळूनही, सांगायला तोंड उरलं नव्हतं. तो माणूस दोन महिने हे पोटात घेऊन फिरत होता. मामेबहीण त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल आणि ते आयुष्यभर परत घेता येणार नाही.

मी मॅडमकडे बघितलं. आता झापणार. कबूल केलेल्याला झापल्याशिवाय त्यांचं काम कधी सुरू झालं नव्हतं. त्या उठल्या, कमरेवर हात ठेवला आणि झापलंच, पण लॅपटॉपला.

“लाज नाई वाटत? भरल्या घराच्या दारात उभं राहून इचारते, घर पाडू का म्हून! असा सवाल असते का? अन् ज्यानं साधा, खरा मानूस म्हून होय म्हनलं, त्याच्यावरच आळ!” मग मामेबहिणीकडे वळून, तितक्याच मोठ्याने, “तुह्या बापाची काई चूक नाई. सवाल इचारनाराची चूक हाये. अन् त्यानं सांगतलं म्हून आता मले इलाज समजला. नसतं सांगतलं तं मी चुकीच्या दारात डोकं आपटत बसली असती. समजलं?”

मामेबहिणीने मान हलवली. मग ती उठून मामांच्या शेजारी जाऊन बसली, खांद्याला खांदा लावून. त्या घरात मी डिस्का जुळताना खूप पाहिल्या होत्या. हे जुळताना पहिल्यांदाच पाहिलं.

मॅडमनी डिस्क उतरवायला लावली. कूलर बंद झाला. पण मामांना गळ्याच्या भोकातून श्वास घ्यावा लागे, त्या उकाड्यात त्यांचं कठीण झालं असतं. म्हणून मॅडमनी शेजारच्या घरातून भिंतीवरून वायर ओढली आणि एक कूलर फक्त मामांसाठी लावला. स्वतः त्या वाऱ्याच्या बाहेर, डिस्कजवळ, पदराने घाम पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. “अनुक्रमणिका गेली. पानं हायेत. पन पानाले नाव नाई, नंबर नाई, अन् काई पानं अर्धी फाटली असतीन. हिची गानी, कॉलेजचे व्हिडिओ, सगळं एकात एक मिसळलं हाये. एक एक उघडून ऐका. कोनतं तुमचं ते तुमालेच समजंन.” आणि नियमाप्रमाणे त्या व्हरांड्यात निघून गेल्या.

आम्ही ऐकू लागलो. लग्नाची गाणी. कोणत्या तरी सरांचा तास. परत गाणी. चहा झाला, पुन्हा चहा झाला. मग एक फाइल उघडली आणि एक जाड, थोडा खरखरीत आवाज म्हणाला, “बाई, जेवली का तू? आधी जेव, मंग बोलतो.”

मामेबहिणीने तोंडावर ओढणी दाबली आणि जी रडायला लागली ती थांबेचना. माझेही डोळे भरले. मामा मात्र गोंधळून तिच्याकडे बघत होते, मग लॅपटॉपकडे, मग माझ्याकडे. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘हा कोण?’

त्यांनी आपला आवाज बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. सगळ्या बाजाराने ऐकलेला तो आवाज, फक्त त्यांनाच अनोळखी होता. “बाबा, तुम्ही आहात हे,” ती रडत रडत सांगत होती आणि ते मान हलवून नाही म्हणत होते, नम्रपणे, दुसऱ्याची वस्तू परत करावी तसे.

आणखी सापडल्या. एकीत ते मामीला चिडवत होते, एकीत नुसतेच खोकत होते. प्रत्येक वेळी मामेबहीण त्यांच्याकडे बघायची आणि ते तसेच परक्यासारखे ऐकायचे. मग तिने आणखी एक उघडली आणि खोलीत बाजार भरला.

“ए बोला! हिरवी गार मेथी, आत्ता तोडली, दव नाई वाळलं! बोला, कोनाले पायजे? बोला बोला बोला! काऊन गप झाले? मेथी थांबून राहाची नाई!”

गच्चीवर तिने हट्ट करून त्यांना हर्रास बोलायला लावला होता. मामा खुर्चीतून उठले. पाठ सरळ झाली, हनुवटी वर गेली आणि ओठ हलू लागले, एकेका शब्दाबरोबर, तंतोतंत. आता त्यांना कोणाला विचारायची गरज नव्हती.

“बोला! शेवटचा पुकार! कोनाले पायजे?”

“मले पायजे!”

हा आवाज बाहेरून आला. व्हरांड्यातून. दुसऱ्याचं कधी न ऐकणाऱ्या मॅडम पाण्याची झारी हातात घेऊन दारात उभ्या होत्या आणि आपल्या तोंडून काय निघून गेलं ह्याने त्या स्वतःच दचकल्या होत्या.

लॅपटॉपमधून आवाज आला, “एक!” मग, “दोन!”

आणि बंद. मामेबहिणीने पुन्हा कळ दाबली, पुन्हा तिथेच तुटलं. पान तिथे फाटलेलं होतं. हर्राशीत तिसरा पुकार झाल्याशिवाय माल सुटत नाही, हे बाजारात न गेलेल्यालाही ठाऊक असतं. मॅडम हळूहळू आत आल्या. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

“पुढचं नाई सापडलं मले,” त्या म्हणाल्या. “लई शोधलं.”

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि टेबलावर असा आपटला की कप बशीत नाचले. तीन.

आणि त्याच हाताचं बोट मॅडमकडे केलं. मेथी त्यांची झाली होती.